वळणावर अडखळणारी जीप
गॅरेजात एखाद्या गाडीच्या डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं, जुनं तेल खाली सोडलं की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि मला कामरगावची ती पांढरी जीप आठवते. चिखलात एक चाक नुसतंच फिरू लागलं तर दुसऱ्यालाही जोर देणारं तिचं डिफरन्शियल होतं, आणि त्याला तेल वेगळं लागतं. ते मिळालं नाही म्हणून मी साधंच भरलं आणि कोणाला बोललो नाही. आठवड्याभरात तिचे म्हातारे ड्रायव्हर, ज्यांना सगळे चाचा म्हणत, जीपच्या मालकाला घेऊन गॅरेजात आले. "बेटा, वळणावर गाडी मांगून अडखळून राह्यली. चाकं एकमेकाले सोडतच नाहीत जशी." त्यांनी रोग बरोबर ओळखला होता; साध्या तेलात ते डिफरन्शियल वळणावरही दोन्ही चाकं जखडून ठेवतं. मालक माझ्याकडे पाहू लागला. मी बोटं पुसत म्हणालो, "गाडीले काही नाही झालं. चाचाचे हात कापतेत आता." चाचांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले आणि किल्ली मालकाला दिली. पुढच्या सर्व्हिसिंगला मी योग्य तेल भरलं, गाडी सुरळीत वळू लागली, आणि मालकानं चाचांच्या जागी ठेवलेल्या नव्या ड्रायव्हरचं कौतुक केलं. मागच्या महिन्यात चाचा बस स्टँडवर भेटले. "गाडी कशी चालते रे आता? अडखळत नाही ना?" "नाही, चाचा." खरं सांगायची तीच वेळ होती. "मंग माहेच हात गेले असतीन," असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी चहा सांगितला, आणि मी तो प्यायलो.