न आलेली सूर्यचूल

कमलवहिनी गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या दिवाणखान्यात एक टाय लावलेला सेल्समन बसला होता. गच्चीवर सोलर लावलं तर सरकार केवढी सबसिडी देतं, हे तो मला समजावत होता. "सब ऑनलाइन है आंटीजी, एक चक्कर भी नहीं," असं तो म्हणाला आणि तेवढ्यात पुतण्याचा फोन आला, "काकू, आई गेली." मी त्या माणसाला जायला सांगितलं. त्याचा बिचाऱ्याचा दोष काही नव्हता, पण सबसिडी हा शब्द मला त्या क्षणी घरात नको होता.

वहिनी माझी मोठी जाऊ. महिना होत आला आता. भेटायला येणारे म्हणतात, किती सोशिक, किती गोड बाई... मला त्या सोशिकचा वीट आलाय. फुप्फुसं जळून गेली ती, आणि कशी जळली ते मी डोळ्यांनी बघितलंय.

कापडमिल बंद पडली तेव्हा आम्ही सगळे बड्या गणपतीच्या देवळाजवळ एकाच घरात होतो. मोठे भाऊजी, म्हणजे वहिनीचे यजमान, मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहायला. गेटला कुलूप लागलं तरी हे गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून रोज गेटपर्यंत जात, तिथल्या बाकी शहाण्यांबरोबर पत्ते कुटत आणि संध्याकाळी येऊन सांगत, "सुरू होणार आहे, अंदर की खबर आहे." आत कबुतरं होती फक्त. पेपरवाले लिहीत होते की देश खुला झाला, आता सगळं मिळणार. तिकडे पलासियाच्या पॉश वस्तीत चकाचक दुकानं आली खरी, आमचा गॅसचा नंबर मात्र काही लागला नाही. वहिनीने डबे सुरू केले. घासलेट पुरायचं नाही, म्हणून भुशाची शेगडी. लाकडाचा भुसा ठासून भरायचा आणि दिवसभर धूर खात बसायचं. दमा तिला आधीपासूनच होता. डॉक्टरांनी साफ सांगितलं, धूर बंद करा, नाहीतर ही बाई टिकणार नाही.

अशात कुणीतरी सांगितलं की डबे करून देणाऱ्यांना मोठी सूर्यचूल मिळते, बरीचशी किंमत सरकार भरतं. गच्चीवर ऊन रग्गड. संध्याकाळच्या डब्यांचं वरण, भात, बटाटे, सगळं दुपारीच काचेखाली शिजलं असतं. भाऊजींना अर्ज करायची लाज वाटली. पत्ते खेळायची वाटत नव्हती. मग आम्ही दोघीच सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या बाबूने आम्हाला आधी उद्या बोलावलं, मग सोमवारी, मग बडे साहब दौऱ्यावरून आल्यावर. शेवटी ठरलं की इन्स्पेक्टर घरी येऊन खरोखर गरज आहे का ते बघेल.

तो आला सकाळी. भाऊजी कुजबुजले, "साहेबांना काहीतरी द्या." वहिनीने जपून ठेवलेलं घासलेट काढलं, स्टोव्ह पेटवला आणि पोहे केले. वर शेव आणि जिरावन मसाला. "तकलीफ मत करो भाभीजी," म्हणत त्याने दुसरी प्लेट घेतली. काही दिवसांनी बाबूने आम्हाला त्याचा शेरा वाचून दाखवला. घरात चालू स्टोव्ह आहे, ईंधन की व्यवस्था पर्याप्त है.

मी पुन्हा अर्ज करायला लावला. या वेळी स्टोव्ह उचलून शेजारी नेऊन ठेवला आणि वहिनीला बजावलं, शेगडी चांगली धुमसू दे, त्याला स्वयंपाकघरात उभा कर आणि खोकू दे मेल्याला. मी शाळेत शिकवायला गेले. परत आले तर शेगडी अंगणात आणि स्टोव्ह ओट्यावर. पाहुण्याला धूर लागू नये म्हणून या बाईने शेगडी बाहेर काढली होती, खिडक्या उघडल्या होत्या आणि शेजारून स्टोव्ह परत आणून त्याला आलं घालून चहा पाजला होता. त्याने लिहिलं, रसोई में धुआँ नहीं पाया गया.

मी तिला वाट्टेल ते बोलले. ती म्हणाली, "अगं सुनंदा, परक्या माणसाला खोकवत बसवायचं का?" स्वतः खोकत म्हणाली हे. त्या दोन फुकट्यांना, इन्स्पेक्टरला आणि भाऊजींना, मी माफ केलेलं नाही, पण खरं सांगू, तिच्या त्या चांगुलपणाचीही मला चीड येते. असला चांगुलपणा काय कामाचा, जो दारातल्या प्रत्येकाला पुरतो आणि आपल्या छातीला पुरत नाही? पुढे गॅस आला, डबे बंद झाले, भाऊजी गेटची वाट बघत बघत गेले. धूर मात्र तिच्या आत बसला तो बसलाच.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी दवाखान्यात गेले होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, छाती नुसती वरखाली. मला बघितलं आणि तिने हाताने मास्क बाजूला सारला. सुनेला म्हणाली, "हिला... चहा..." नर्स ओरडली, "अम्माजी, मास्क नहीं हटाना." मास्क लावायला गेली तर वहिनीने मान फिरवली. सुनेने थर्मासमधून कप भरून माझ्या हातात दिला. वहिनी माझ्याकडे बघत होती, तोंड उघडं, श्वास लागलेला, आणि मास्क धरलेला नर्सचा हात ती जवळ येऊ देत नव्हती. चहा उकळता होता. मी तो घटाघटा प्याले आणि रिकामा कप तिला दाखवला. मग तिने मास्क लावू दिला.