टोपी काढल्यावर काकांच्या दारात कोण आलं?

मंडळी, आज दुपारी धसईला काकांकडे जेवायला होतो. काका अंध आहेत. मेंदूत बसवलेल्या चिपला टोपीतून बिनतारी वीज मिळाली की त्यांना उजेडाचे ठिपके दिसतात. टोपी काढली की पुन्हा अंधार, असं डॉक्टर म्हणाले होते.

काका टोपी घालून जेवत नाहीत. ती खुंटीला लावून बसले आणि पहिल्याच घासाला थांबले.

"दारात कोण उभा हाय रे?"

कोणीच नव्हतं. टोपी चालू राहिली असेल म्हणून मी बॅटरी काढून खिशात टाकली.

"आता गेला का?"

"नाय रे. आत आला."

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, उद्याच घेऊन या.

तोवर काकांनी काकूला आणखी एक ताट वाढायला लावलं होतं.

तुमच्या ओळखीत कोणाला अशी चिप असेल तर विचाराल का, टोपी काढल्यावर त्यांना काय दिसतं?