स्टँडवरची अक्का

मागच्या महिन्यात एका रविवारी मी आणि सासूबाई रिक्षाने चर्चला निघालो... आणि चर्चला पोचले मी एकटीच.

सासूबाईंना मी आईच म्हणते. सगळी नोकरी त्यांनी नर्स म्हणून केली. रिटायर होऊन आता बरीच वर्षं झालीत. पाऊस असो, गुडघे दुखोत, रविवारी उपासनेला त्या पुढच्या बाकावर असणार म्हणजे असणार.

त्या दिवशी सांगलीच्या एसटी स्टँडबाहेर रिक्षा गर्दीत अडकली. चहाच्या टपरीशेजारी एक म्हातारी बसली होती. पायाला मळकं फडकं गुंडाळलेलं, त्यावर माश्या घोंघावत होत्या. मी नजर वळवली. आई मात्र रिक्षातून उतरल्याच.

"तू हो पुढं, तुझं गाणं आहे. मी येते मागनं."

पहिलं कडवं मला एकटीला म्हणायचं होतं, म्हणून गेले. गायले... पण सगळं लक्ष दाराकडे. उपासना संपली तरी आईंचा पत्ता नाही, फोनही उचलेनात.

धावतपळत परत स्टँडवर आले. बघते तर आई त्या म्हातारीसमोर जमिनीवर फतकल मारून बसलेल्या. रविवारची ठेवणीतली साडी पार धुळीत. दोघींचं कानडीत बोलणं चाललेलं. आईंचं माहेर जतकडचं, त्यामुळे कानडी त्यांना मराठीइतकीच येते.

टपरीवाला मला म्हणाला, "आवं ताई, कालपास्नं बसलीया हितं. लय जणांनी इचारलं, पर पायाला हातच लावू देत न्हाई. आन् तुमच्या आई बी उठंनात."

हळूहळू सगळं कळलं. ती कर्नाटकातल्या अथणीकडच्या एका खेड्यातली. शुगरमुळे पायाची जखम चिघळत गेलेली. पाय कापावा लागेल असं घरात कुणीतरी बोलताना तिने ऐकलं, आणि भीतीने समोर दिसेल त्या एसटीत चढली ती थेट सांगलीत उतरली.

"हेदरब्याडा अक्का," आई तिला सांगत होत्या. घाबरू नको.

मला वाटलं, आता आई तिला सांगतील की तुझा पाय कुणी कापणार नाही. कुणीही तेच सांगितलं असतं. आई बराच वेळ तिच्याशी कानडीत बोलल्या. तसं सांगितलंत ना, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू गं? पायाचं काय करायचं ते डॉक्टरच ठरवणार. पण ऑपरेशननंतर तू डोळे उघडशील तेव्हा मी शेजारी असेन, एवढं सांगितलंय."

मग म्हातारीने स्वतःच्या हाताने फडकं सोडलं.

वासाने मी नाक दाबून धरलं. जखमेत किडे पडले होते. आईंनी टपरीवाल्याकडून कोमट पाणी मागून घेतलं, पाय मांडीवर घेतला आणि धुवायला लागल्या. एकीकडे गप्पा चालूच. म्हैस आहे का घरी, सुना कशा आहेत... एका प्रश्नाला तर अक्का चक्क हसली. सुनांबद्दलच असणार!

मग सरकारी दवाखाना. आई तिथेच राहिल्या. मी डबा नेऊन द्यायचे. एकदोन दिवसांत चर्चमधल्या बायकांनीही आपापसात पाळ्या लावून घेतल्या. कानडी कुणालाच येत नव्हती, पण वेणी घालायला, भात भरवायला भाषा फारशी लागत नाही.

ऑपरेशन झालं. एक बोट गेलं... पाय वाचला. अक्काने डोळे उघडले तेव्हा आई शेजारच्या स्टुलावर होत्या.

जतच्या भाच्याला फोन करून आईंनी तिचं गाव शोधून काढलं. अक्काचा मुलगा आला तो तिच्या उशाशी बसून लहान मुलासारखा रडला. बिचारा नात्यातल्या घरोघरी शोधत फिरत होता.

डिस्चार्जच्या दिवशी अक्काने मुलाकडून नारळ, तांदूळ आणि खण मागवून घेतला. तिला आईंची ओटी भरायची होती.

मी गडबडले. आम्ही ख्रिस्ती, आमच्या घरात ओटी भरत नाहीत. शिवाय बाबा, म्हणजे सासरे, जाऊन किती वर्षं झाली... ज्यांच्यात ही रीत आहे तेही विधवेची ओटी भरत नाहीत. आईंनी तिला तसं समजावलं. त्यावर अक्का काहीतरी बोलली.

"काय म्हणतात त्या?" मी विचारलं.

"म्हणते, नवरा माझाही नाही. पण धाकट्या बहिणीला रिकाम्या पदरानं कशी धाडू?"

आईंनी पदर पुढे केला. वॉर्डातल्या बायका बघत होत्या. आईंना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

घरी आलो. ओटीच्या तांदळाचं काय करतात हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. शेजारच्या जैन काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "घरातच शिजवायचे बरं का, दुसऱ्याला द्यायचे नाहीत. गोड करा काहीतरी."

मी खीर केली. जेवायच्या आधी आईंनी नेहमीसारखी प्रार्थना केली. माझ्या मुलांच्या परीक्षा, यांचा प्रवास, आणि मग अक्काचा पाय... आमेन म्हणून झाल्यावर शांतपणे वाटी पुढे केली आणि आणखी खीर मागितली. शुगर त्यांनाही आहे. पण त्या दिवशी मी वाटी भरून दिली.

लहानपणापासून चर्चमध्ये प्रीतीची गाणी म्हणत आलेय. सूर बरे लागतात, लोक कौतुकही करतात. पण त्या गाण्यांचा अर्थ मला धुळीत बसलेल्या सासूबाईंनी दाखवला. प्रभू, या बाईच्या घरात मला सून म्हणून आणलंस... तुझे खूप खूप आभार.