आत्याच्या गोठ्यातले गोचीड

प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला माझ्या वर्गातल्या सगळ्यांनी अभ्यासाला मासे घेतले होते. मी गोचीड घेतले. "मुलींना गोठ्यात फिरणं जमायचं नाही," असं सर म्हणाले, आणि त्या काळी राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा.

गुरांचं रक्त पिणारा हा किडा तापाचे जिवाणू एका जनावराकडून दुसऱ्याकडे, कधी माणसाकडेही नेतो का, हे मला पाहायचं होतं. जिवंत गोचिडाचा पाय कातरायचा, निघालेला थेंब काचपट्टीवर घेऊन रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. मेलेला गोचीड कामाचा नाही. सरांनी सोमवारची मुदत दिली. पन्नास जिवंत गोचीड आणलेस तर विषय तुझा, नाहीतर मुकाट्याने मासे घे.

सोलापुरातल्या तबेलेवाल्यांनी मला म्युनिसिपालटीची बाई समजून हाकलून दिलं. मग कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीची आत्या आठवली. तिच्याकडे चार म्हशी, दोन बैल. मी भवानी पेठेतल्या पोस्टातून कार्ड टाकलं, "कॉलेजच्या कामासाठी शनिवारी तुझी गुरं बघायला येते."

आत्यानं त्याचा अर्थ तिच्या परीनं लावला. मी बाटल्या आणि चिमटा घेऊन पोचले, तर गोठा लखलखीत. म्हशींना तंबाखूच्या पाण्यानं अंघोळ घातलेली, बैलांच्या शिंगांना तेल लावलेलं.

"तीन दिस खपले गं," आत्या कौतुकानं म्हणाली. "एकेक गोचीड काडून निखाऱ्यावर टाकला. कॉलेजात आपलं नाव खाली जायला नगं की."

"आत्या, मला तेच हवे होते!" मी चक्क ओरडले. तिचा चेहरा एवढासा झाला. मला लगेच वाईट वाटलं, पण माफी मागण्याइतकी अक्कल तेव्हा नव्हती. मी तणतणत शेजारीपाजारी निघाले.

दारोदार एकच उत्तर. "आमच्यात? न्हाय बाई. आमची गुरं चोख हायेत." आणि दारातूनच मला त्यांच्या गाईच्या कानामागे एरंडीच्या बीएवढे टम्म गोचीड दिसत होते. तुमच्या गाईला गोचीड आहेत का, हे विचारणं म्हणजे तुमच्या सुनेच्या डोक्यात उवा आहेत का, असं विचारण्यासारखं होतं. दुपारपर्यंत बाटलीत दोनच पडले, तेही कुत्र्याचे. मी आत्याला सांगितलं, "उद्याच्या गाडीनं हात हलवत जाते. मासे घेईन."

आत्या उठली. डोक्यावरून पदर घेतला, माझ्या हातातली बाटली घेतली आणि थेट शेजारणीच्या अंगणात जाऊन उभी राहिली. गोठा कुणाचा स्वच्छ, यावरून या दोघींची वीस वर्षं चुरस होती. मी मागोमाग.

"आमच्या म्हशीस्नी लई गोचीड झाल्यात की," आत्या अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली. वर तेच पुन्हा कन्नडमध्ये सांगितलं. "अंग दिसंना झालंय. त्यातनं ताप येतो का, ते ही पोरगी शोधतीया. तुमच्यात एखादा असला तर द्या बगू."

आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, हा गल्लीचा कायदा. आत्यानं तो भर अंगणात मोडला. शेजारणीचा चेहरा उजळला.

"व्हय? तुमच्यात बी? या की आत."

त्यानंतर घरोघर तेच झालं. बायका हौसेनं गोचीड उपटू लागल्या आणि "चिरडू नका हो!" म्हणून ओरडता ओरडता माझा घसा बसला. संध्याकाळी बाटलीत ऐंशीच्या वर गोचीड वळवळत होते.

सोमवारी सरांनी बाटली उजेडात धरली आणि दोन पावलं मागे सरकले. विषय माझा झाला. बहुतेक काचपट्ट्या कोऱ्या निघाल्या, पण तीन-चारांवर जिवाणूंसारख्या बारीक लालसर कांड्या दिसल्या. त्या नेमक्या कशाच्या, हे ठरवण्याची साधनं आमच्याकडे नव्हती. तरी मी स्टुलावरून उडी मारली.

दिवाळीनंतर पेढे घेऊन दुधनीला गेले. आत्या गोठ्यात होती. तेवढ्यात शेजारीण वाटीत करंजाचं तेल घेऊन आली. "ह्यानं जातील बगा तुमच्या म्हशींचे गोचीड," ती मायेनं म्हणाली. खरं सांगायला मी तोंड उघडलं, तर आत्यानं डोळ्यांनीच दटावलं. तिनं वाटी दोन्ही हातांनी घेतली.

"लई उपकार झाले," ती म्हणाली, आणि शेजारणीसमोर त्या स्वच्छ म्हशीच्या अंगाला तेल चोळत बसली.