दुहेरी फडकं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर नाही — समोर असता तर मी हवापाण्याच्या गप्पा मारून उठलो असतो. ते मला चांगलं जमतं.

आधी इंजिनाबद्दल सांगू द्या. टाळत नाही — म्हणजे, थोडं टाळतोच आहे. पण इंजिन कळल्याशिवाय मी काय केलं ते कळायचं नाही. होडीच्या मॉडेलमधलं नायट्रोचं इंजिन मुठीत मावेल एवढं असतं. मिथेनॉल, नायट्रो आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चालतं, आणि सुरू झालं की अख्खी गल्ली दारात येते. त्याला एक बारीक पेच असतो, आम्ही त्याला नीडल म्हणायचो. सैल केला की इंधन जास्त जातं. आवाज जाडसर, धूर भरपूर, पण इंजिन थंड राहतं. आवळला की आवाज चढतो, वेग वाढतो. आणखी आवळला की वेग आणखी वाढतो — आणि आत तेल कमी पडून इंजिन स्वतःलाच भाजून घेतं. फरक केवढा? पेचाला बोट लावून काढावं, एवढा. काठावरच्या माणसाला दोन्ही आवाज सारखेच वाटतात. मला नाही वाटायचे. आयुष्यात मला खरी येत होती ती एवढी एकच गोष्ट.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. उस्मानाबादच्या कचेरीतून आम्हा काही कारकुनांना इकडे हलवलं. मी पाटबंधाऱ्यातला, आणि त्या वर्षी तलावांत पाणीच नव्हतं; त्यामुळे काम म्हणाल तर लोकांचे अर्ज घ्यायचे आणि पाहू म्हणायचं. निलंग्याच्या एसटीत मन्मथ भेटला. माझ्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं इंजिन होतं. "काय घेऊन चाललाव सायब, कोंबडी का?" असं त्यानं विचारलं, आणि उतरेपर्यंत तो या नादाला लागला होता.

मन्मथचं निलंग्यात कापडाचं दुकान. मोठ्यानं हसणारा, सगळ्यांचा माणूस. त्यानं मुंबईहून माझ्यासारखंच इंजिन मागवलं आणि होडी स्वतःच्या हातानं बांधली — काय होडी होती ती! माझी त्यापुढे खोक्यासारखी दिसायची. नीडल मात्र त्याला कधी कळली नाही. त्याचं त्याला वाईटही वाटायचं नाही. "कान तुझा, होडी माझी," म्हणायचा, आणि दर वेळी इंजिन माझ्या हातात द्यायचा.

त्याची बायको महादेवी. माहेर कर्नाटकातलं. मराठी त्या बोलायला शिकल्या, वाचायला नाही. दुकानात आलेला कागद मन्मथकडून वाचून घ्यायच्या. मी गेलो की न विचारता ताटात दुसरी भाकरी पडायची. त्या घरचं मी किती खाल्लं असेन?

नव्या जिल्ह्याच्या समारंभात होड्यांची शर्यत ठेवली गेली. जिंकेल ती होडी आणि तो माणूस मुंबईला, राज्याच्या शर्यतीला. एकच जण. तलाव आटून डबकं झालं होतं. मधोमध लोखंडी नळ रोवला होता, त्याला तार, तारेला होडी. ती नळाभोवती, एका बाजूला काठच्या चिखलाला लागून, गोल फिरायची आणि तिच्या फेऱ्यांना लागणारा वेळ मोजायचा. पलीकडच्या काठाला बाया झऱ्यातून वाटीनं पाणी भरत होत्या, आणि इकडे आम्ही मांडव घालून खेळणी पळवत होतो. तेव्हा मला त्याची लाज वाटली नाही.

होडीचं इंजिन तलावातलंच पाणी नळीनं ओढून थंड होतं. पाणी सगळं गढूळ, म्हणून मन्मथनं महादेवीवहिनींना नळीच्या तोंडाला मलमलीचं फडकं शिवायला सांगितलं होतं. त्यांनी ते दुहेरी शिवलं. त्या दुष्काळात घरोघर घागरीच्या तोंडाला दुहेरी फडकंच असायचं. एकेरीतून गाळलेलं पाणी कुणी पोरांना देत नव्हतं. त्यांचा हात सवयीनं तसाच गेला. आम्ही आदल्या दिवशी चालवून पाहिलं होतं. काहीही अडलं नव्हतं.

माझी होडी आधी पळाली. बरी पळाली. मग मन्मथनं नेहमीसारखं इंजिन सुरू केलं आणि माझ्यापुढे धरलं. मी नीडल लावली. योग्य जागी आणली — ती जागा मला बोटांत कळली. त्याची होडी माझ्या होडीला सहज मागे टाकणार, हेही कळलं. मुंबई मला पाहिजे होती हो. का, ते विचारू नका; कचेरीत मला कुणी नावानं हाक मारत नव्हतं, एवढंच. मी पेच आणखी जरासा आवळला. इंजिन किंचाळलं. मन्मथ खूश होऊन म्हणाला, "बघ, कसं गातंय!"

सुरुवातीला ती सगळ्यांपेक्षा वेगात फिरली. लोक टाळ्या वाजवत होते. मी अगदी पाण्याशी, होडीच्या ज्या अंगातून थंड करून आलेलं पाणी बाहेर पडतं त्या अंगाला उभा होतो. ती धार शेवटपर्यंत भरून पडत होती. मी ती पाहिली. फडकं तुंबलं असतं तर धार तुटली असती. तुटला तो आवाज, आणि होडी घसरत काठच्या चिखलात रुतली.

मन्मथ गुडघाभर गाळात उतरला. पिस्टन अडकलेला, आतला दांडा मोडलेला. नळीच्या तोंडचं फडकं चिखलानं भरलेलं — रुतल्यावर भरलेलं, पण ते कोण सांगणार? मी सांगू शकत होतो. त्यानं ते वर धरून दाखवलं आणि हसत म्हणाला, "आमच्या हिनं होडीलाबी पाणी गाळून पाजलं बघा!" सगळे हसले. मीही हसलो.

मुंबईला मी गेलो. तिथं पहिल्याच फेरीत मागे पडलो, आणि परतताना गाडीत मला काहीच वाटत नव्हतं. मन्मथनं पुन्हा इंजिन घेतलं नाही. पण तो विनोद राहिला. लग्नात, बारशात, दुकानाच्या ओट्यावर — होडीला पाणी गाळून पाजणारी महादेवी. त्याच्या मनात काही नसायचं. वहिनीही पदर तोंडाला लावून हसायच्या. पण मी तिथं असलो की त्या माझ्याकडे पाहायच्या नाहीत. आपल्या हातून केवढं नुकसान झालं, याची त्यांना माझ्यासमोर लाज वाटायची. माझी लाज!

इथवरचं सांगणं मला तरी सोपं गेलं. पेच आवळला तेव्हा मी तरुण होतो, हावरा होतो. तेवढंच असतं तर कदाचित मी ते गिळून टाकलं असतं.

मन्मथ गेला तेव्हा मी निलंग्याला गेलो होतो. माणसं पांगल्यावर वहिनींनी आतून एक डबा आणून माझ्यापुढे ठेवला. त्यात ते मोडकं इंजिन होतं, आणि धुऊन घडी केलेलं फडकं. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. म्हणाल्या, "भाऊजी, तुमाला यातलं कळतंय म्हणून इचारते. त्ये माज्याच फडक्यानं झालं न्हवं? का दुसरं कायतरी होतं?"

त्यांना उत्तर ठाऊक होतं असं नाही. आयुष्यभर त्यांनी हा प्रश्न सांभाळला होता आणि विचारायला माझ्यापेक्षा जाणता माणूस त्यांना दिसत नव्हता. आता मन्मथ नव्हता, शर्यत नव्हती, मुंबई नव्हती. खरं बोलायला मला कशाचीच आडकाठी नव्हती.

मी म्हणालो, "हाव, वहिनी. फडक्यानंच झालं."

त्यांनी मान हलवली. डबा बंद केला. मग उठून माझ्यासाठी भाकरी टाकायला गेल्या, आणि मी ती खाऊन आलो.

त्या अजून निलंग्यात आहेत. आता दुकान मुलगा पाहतो. माझ्या घरापासून स्टँड जवळ आहे आणि निलंग्याची गाडी दिवसभर सुटते. मी गेलो नाही. हे मी मराठीत लिहिलंय, आणि वहिनींना मराठी वाचता येत नाही — हे मला लिहायला बसण्याआधीच माहीत होतं.