हरताळाचा दिवस

गेरूबाईचं खरं नाव माहेरीच राहिलं. सासरी आली आणि हातापायांना जो तांबडा रंग चढला तो काही उतरेना, मग गल्लीने तिला गेरूबाईच करून टाकलं. समोरची शिंपीण म्हणायची, "हिच्या हातचा चहा प्यायला तरी ओठ रंगतात बाई!" गेरूबाई म्हणायची, "मग दोन कप पी, नवरा खूश होईल."

घर कसलं, दोन खोल्या. पुढच्या खोलीत खलबत्ता, पाटा, घमेली, कोपऱ्यात मातीची भट्टी. मागच्या खोलीत सासूबाई खाटेला खिळलेल्या. नवरा दरडी खणून माती आणायचा. रंगाची माती हं, तांबडी, पिवळी, कधी हिरवट. गेरूबाई ती कुटायची, पाण्यात कालवायची. वाळू जड, ती तळाला बसते. वरचं गढूळ पाणी फडक्यातून दुसऱ्या घमेल्यात ओतायचं, पुन्हा थांबायचं, पुन्हा ओतायचं. शेवटी दुधाच्या सायीसारखा गाळ राहतो. तो वाळवून त्याच्या वड्या. चितारी लोक त्या वड्या डिंकाच्या पाण्यात घोटून चित्रांना लावायचे.

आणि परीक्षा कशी? दाताने. चिमूटभर माती पुढच्या दातांत धरायची. कचकचली तर पुन्हा पाण्यात. ही विद्या सासूबाईंची. त्या म्हणायच्या, "डोळा फसतो गं, दात नाही फसत."

चाललं होतं बरं. पण तांबड्या मातीची जी दरड होती ना, तिच्यावरून रस्ता गेला. वरून खालपर्यंत सिमेंटने लिंपून टाकली. घरातली तांबडी संपत आली आणि नेमका तेव्हाच चितारी आला. जुन्या वाड्याच्या मोठ्या दिवाणखान्यातल्या भिंतीवरची चित्रं त्याला दुरुस्त करायची होती.

"बाजारच्या डब्यातला लाल लावून पाहिला," तो म्हणाला. "सोयऱ्यांच्या पंगतीत परका बसल्यासारखा दिसतो. तुमची तांबडी द्या. जमलं तर पुढची सगळी दालनं तुमच्याच मातीने रंगतील. नाही जमलं तर मला डबाच उघडावा लागेल."

म्हणजे तांबडी मिळाली तर धंदा राहणार, नाही तर भट्टी विझवायची. विझली तर जायचं कुठे, तेही ठरलेलं. धाकटा दीर सिमेंटच्या गोदामावर मुकादम होता. येता-जाता टोचायचा, "दादा, किती दिवस माती चाटणार? गोदामात या, वहिनींनाही काम देतो."

नवरा म्हणायचा, "सिमेंट म्हणजे मेलेली माती. तिला मी हात लावायचा नाही."

आता, पिवळी माती भाजली की तांबडी होते. हे त्या घरात रांगत्या पोरालासुद्धा माहीत. म्हणून नवरा पिवळीच्या शोधात निघाला. ओढ्यापलीकडच्या खडकात त्याला एक भेग सापडली, पिवळीधमक. पोतं भरून आणलं, दारातच ओरडला, "लोणी गं, लोणी! दाताखाली कचकच म्हणून नाही!"

गेरूबाईने पोत्यात डोकावलं. "अहो, चमकते फार."

"चमकू दे की. सोनं चमकतं तेव्हा तक्रार करतेस?"

"सोनं आणलंयत कधी?"

दोघंही हसले. आतून सासूबाईंनी हाक मारली, "काय आणलंस रे? इकडे आण, मला बघू दे."

"आई, तुला स्वतःची बोटं दिसत नाहीत, माती काय दिसणार? भाजून तांबडी झाली की पहिली वडी तुझ्या हातात देतो."

म्हातारीचं कुणी मनावर घेत नसे. दिवसभर चालूच असायचं तिचं. धूर येतो, उंदीर मेलाय, दूध करपलं. निम्म्या वेळी चूलसुद्धा पेटलेली नसायची.

दुसऱ्या दिवशी गावात हरताळ. बाजार बंद, गाड्या बंद, काम चालू दिसलं की दगड. पोरांची टोळकी गल्लीगल्लीतून फिरत होती. पण चितारी तर तांबडी न्यायला दोन दिवसांवर येऊन ठेपलेला. नवरा म्हणाला, "दार-खिडकी लावून घेतो आणि आत भाजतो. धूर बाहेर दिसायला नको. तू पायरीवर तांदूळ निवडत बस. म्हणजे बघणाऱ्याला वाटेल, घरात सामसूम आहे."

त्याने भट्टी पेटवली, कढईत पिवळी ओतली आणि उलथण्याने हलवायला लागला. थोड्या वेळाने आतून सासूबाई ओरडायला लागल्या, "हरताळ! अगं, हरताळ आहे! बंद करा!"

गेरूबाई आत धावली. "हो हो, आई, आज हरताळच आहे. म्हणूनच बंद केलंय सगळं. ओरडू नका, बाहेर ऐकू गेलं तर दगड येतील."

"अगं, तो नव्हे गं..." म्हातारीला खोकला आला.

"कळलं हो मला. झोपा." आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिने मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं, खाली फटीत गोणपाट कोंबलं. म्हातारी वाचली ती त्या गोणपाटाने.

गेरूबाई पुन्हा पायरीवर. शिंपीण समोरून म्हणाली, "काय गं, हरताळाच्या दिवशी लसूण भाजतेस? चैन आहे!"

"आमच्यात नाही हो, दुसरीकडे असेल."

बोलून गेली, आणि मग तिच्याही नाकाला तो वास लागला. लसणाचा. घरात तर लसणाची पाकळीसुद्धा नव्हती. सूप तिथेच टाकून तिने दार ढकललं.

नवरा कढईवर वाकून बसलेला. भुवया, केस, खांदे पांढरे, पीठ उधळल्यासारखे. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो हसायचा प्रयत्न करत होता. "अगं, जादू बघ. माती होती कुठे? कढईत काही उरलंच नाही."

तिने त्याला ओढत बाहेर काढलं. तासाभरात उलट्या, पोटात पेटके, पाय वळायला लागले. शिंप्याने हातगाडी आणली. नाक्यावर पोरांनी अडवलं, "गाडी परत घ्या, हरताळ आहे." गेरूबाईने पदर बाजूला करून नवऱ्याचं तोंड दाखवलं. पोरं मुकाट्याने बाजूला झाली. दवाखान्यात डॉक्टर विचारत राहिले, काय खाल्लं, काय खाल्लं. ती काय सांगणार? काही खाल्लंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत तो गेला.

सगळं आटोपल्यावर सासूबाईंनी सांगितलं. "हरताळ म्हणजे पिवळं विष गं. जुने लेखनिक चुकलेल्या अक्षरावर तो फासायचे, अक्षर दिसेनासं व्हायचं. एखाद्याच्या मेहनतीवर हरताळ फासला म्हणतो ना आपण, तोच हा. विस्तवावर पडला की विषारी पांढरा धूर होऊन उडतो, लसणासारखा वास सोडतो. मी हरताळ म्हटलं होतं."

"ऐकलं होतं, आई. मी दुसराच ऐकला."

"मी दिवसभर कटकट करायचे. तू तरी काय करणार?" म्हातारी एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. पुन्हा तिने कधी धूर येतो म्हटलं नाही, उंदीर मेला म्हटलं नाही.

त्या पांढऱ्या भुकटीने गेरूबाईच्या तळहातांची सालं निघत होती. अशात चितारी आला, ठरल्यापेक्षा पंधरवडाभर उशिराने. त्याला काही माहीत नव्हतं. कळल्यावर बिचारा उंबऱ्यातच बसला. मग त्याची नजर अर्ध्या पोत्यावर गेली, आणि काय सांगू, माणसाचे डोळे बदललेच.

"हा अस्सल हरताळ? बाई, असला पिवळा मी आयुष्यात पाहिला नाही. मला द्या. मी भाजणार नाही, जपून वापरीन."

"नाही."

"सांगाल ती किंमत देतो."

"तो या घरातून कुणाच्या घरात जायचा नाही."

तो उठून उभा राहिला. जाता जाता चाचरत म्हणाला, "आणि तांबडी?"

"नाही मिळाली. डब्यातलाच लावा."

तो गेल्यावर तिने तोंडाला ओलं फडकं बांधलं, भट्टीतली, कौलांवरची पांढरी भुकटी ओल्या चिंधीने टिपून काढली, चिंध्यांसकट पोत्यात भरली. मग ते पोतं घेऊन दिराच्या गोदामावर गेली. दीर धावत आला, "वहिनी, तुम्ही कशाला आलात?"

"भावजी, थोडं सिमेंट हवंय. एक भेग बुजवायची आहे."

त्याने घमेल्यात सिमेंट भरलं. थापी घेतली, तिच्याजवळचं पोतं स्वतःच्या खांद्यावर घेतलं, ओढ्यापलीकडे तिच्यामागून चालत गेला. पोतं भेगेत खोल ढकललं. त्याने कालवून दिलं, तिने थापलं. तांबडे हात कोपरापर्यंत राखाडी झाले. वरून दगड दाबून तिने थापी धुतली.

दीर म्हणाला, "वहिनी, उद्यापासून येता?"

"आईंना खाऊ घालून येते," ती म्हणाली.