मुन्सफसाहेबांची कमान

"मिस्त्री, हा डावा घोडा एकदम मेलाय," आबासाहेब जहागीरदार म्हणाले आणि त्यांनी दुनळी बंदूक माझ्या पाटावर आडवी ठेवली.

मी घोडा मागे ओढला. तो सैल, लुळा होऊन माझ्या अंगठ्याखाली डुलत राहिला. आतली कमान तुटली होती. ज्यांनी बंदूक फक्त भिंतीवर टांगलेली पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. चाप ओढला की बाहेरचा घोडा काडतुसावर आपटतो. त्याला आपटायला जोर देते ती आत दडलेली वाकवलेल्या पोलादाची पट्टी. तीच कमान. ती नरम झाली तर काडतूस उडत नाही, फार कडक झाली तर स्वतःच तुटते.

तेव्हा मी धारला आबासाहेबांच्या शिलेखान्यात होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची वर्षं. शिलेखाना म्हणजे हत्यारांची कोठी आणि तिला लागून माझी भट्टी. भट्टी बहुतेक गारच असे. माझे वडील अशी कमान स्वतः घडवत. मीही त्यांच्या हाताखाली घडवल्या होत्या. पण मुंबईहून तयार भागांची पार्सलं येऊ लागली तसं आबासाहेबांनी घडवणं बंद करवलं. "वेळ फुकट घालवू नका," म्हणाले. मी मागवत होतो, कानशीनं घासून बसवत होतो, तेल देत होतो.

त्या वेळी घाई होती. धरमपुरीकडच्या एका गावात बिबट्या शिरला होता. गावचा पटेल देवडीवर येऊन बसला होता. "मालिक, पहले बछड़ा ले गया, अब मेरे भाई की बहू पे झपटा," तो सांगत होता. बाई वाचली होती, पण गावात कोणी नदीवर पाण्याला जाईना.

मी मुंबईला तार केली. पार्सल महूच्या स्टेशनवर उतरलं, तिथून टांग्यानं धारला आलं. कमान दिसायला देखणी होती. बसवायला गेलो तर टोकाचा आकडा जाड. घासला. बसली. मागे मैदानात जाऊन काडतुसं उडवून पाहिली. काही उडाली. काहींवर घोडा नुसता टक् करून पडला. तयार मालाचं हे असं असतं. तो सगळ्या बंदुकांसाठी केलेला असतो, म्हणून तुमच्या बंदुकीत पुरता बसत नाही.

"दुसरी मागवतो," मी म्हणालो.

"आणि तोवर बिबट्या थांबेल?" आबासाहेबांनी विचारलं.

त्याच दिवशी देवासहून त्यांचे मेहुणे आले. नानासाहेब. तिथे मुन्सफ होते. कचेरी भरायच्या आधी सकाळी घरच्या पडवीत भाता लावून बंदुकांचे भाग घडवायचे, हा त्यांचा शौक. आख्ख्या घराण्यात त्याचं कौतुक. माझी बायको वाड्यावर हळदीकुंकवाला गेली की परत येऊन तेच सांगायची. "मुन्सफसाहेब म्हणे स्वतः घण मारतात!" मी पंधरवडाभर घण मारला असता तर तिनं मला आंघोळीला पाठवलं असतं.

नानासाहेबांनी खिशातून रुमाल काढला. त्यात कमान होती.

"मागच्या भेटीत ही बंदूक खोलून माप घेतलं होतं," ते म्हणाले. "किती मोडल्या ते विचारू नका. ही टिकली."

मी ती हातात घेतली. निळा रंग सगळीकडे सारखा चढलेला. बाक एका ओघात आलेला, कुठे ठोक्याची खूण नाही. चिमटीत दाबली तर जितकी दबली तितकीच परत आली. खरं सांगायचं तर मी भिंग लावून तिच्यात तडा शोधत होतो, आणि तो सापडावा अशी माझी इच्छा होती.

तडा नव्हता.

"बोला मिस्त्री," आबासाहेब म्हणाले. "कोणती ठेवू? पार्सलची की आमच्या मेहुण्यांची?"

खोट काढणं सोपं होतं. पोलादाला पाणी बरोबर दिलेलं नाही म्हटलं असतं तर आबासाहेबांनी मानलं असतं. पण ती बंदूक घेऊन तेच बिबट्यासमोर उभे राहणार होते.

"मुन्सफसाहेबांची," मी म्हणालो.

बसवायला कानस लागलीच नाही.

शिकारीला नानासाहेबही आले, मीही सोबत गेलो. काडतुसांची पिशवी माझ्या खांद्यावर. बिबट्या झाडीतून निघाला तेव्हा आबासाहेबांचा उजव्या नळीचा बार त्याच्या पुठ्ठ्याला चाटून गेला. तो वळला आणि सरळ झाडी झोडपणाऱ्या हाकाऱ्यांवर धावला. पुढे पटेल होता. डावा बार झाला. बिबट्या पटेलापासून हातभर अंतरावर कोसळला.

पटेल मातीत बसला आणि रडू लागला. आबासाहेबांनी बंदूक माझ्याकडे फेकली आणि धावत जाऊन नानासाहेबांना मिठी मारली. "एकदम बढिया! कमाल केलीत!" मी नळी पुसत उभा राहिलो. नळी गरम होती.

दुसऱ्या दिवशी नानासाहेब देवासला परतले आणि मागोमाग हुकूम झाला. यापुढे मुंबईचं पार्सल नको, सगळ्या बंदुकांच्या कमानी नानासाहेब करतील. मी सगळ्या बंदुका बैलगाडीत घालून देवासला निघालो. वाटभर मनात त्यांच्याशी भांडत होतो.

त्यांच्या पडवीत एका कोपऱ्यात मोडक्या कमानींचा ढीग होता. बंदुका बघून त्यांचा चेहराच पडला.

"मिस्त्री, मला नाही जमायचं हे. ती एक झाली, आख्खा पावसाळा गेला तिच्यात. अमुक तारखेला हवी म्हटलं की माझा हात चालत नाही."

"मग?"

"तुम्ही करा ना. वडिलांकडे शिकलात म्हणे. बसा इथेच, भट्टी तापलेली आहे."

मी बसलो. किती वर्षांनी! पट्टी तापवली, वाकवली, घासली. हाताला सगळं आठवतंय असं वाटलं. पाण्यात घातली आणि बारीकसा आवाज आला. कमान मधोमध तुटली होती.

नानासाहेबांनी तुकडे उचलून कोपऱ्यातल्या ढिगात टाकले. मग हलकेच म्हणाले, "होतं असं. माझ्याही अशाच गेल्या." त्यांच्या तोंडून आलेली ती सहानुभूती मला त्यांना मिळालेल्या मिठीपेक्षा आणि कौतुकापेक्षा जास्त झोंबली.

धारला परतून मी आबासाहेबांना पार्सलचाच मार्ग बरा म्हणून पटवलं. नानासाहेबांनीही तसंच कळवलं. कमानी आल्या, मी घासून बसवल्या, बऱ्याचशा चालल्या, काही परत पाठवल्या. नोकरी होती तोवर तेच केलं.

लोक अजून विचारतात, घरी घडवलेला भाग चांगला की विकतचा? मी सांगतो, ज्याच्यापाशी वेळ आहे त्यानं घडवावा, ज्याच्या दारी पटेल येऊन बसलाय त्यानं मागवावा. मागवण्यात कमीपणा काही नाही. फक्त घडवणाऱ्याच्या पडवीत फार वेळ बसू नये.